बाटलीत बुडबुडा नको

(विठ्ठलवाडीचा घाट. सकाळ. पायऱ्यांवर पाच विद्यार्थी, हातात रबरी मोजे.)

नदीचं पाणी बाटलीत भरायलाही एक शिस्त लागते. बाटली तिरकी धरायची, तोंड पाण्याखाली न्यायचं आणि ती संथपणे भरू द्यायची. खळखळ ऐकू आली की ओतून टाकायची. बूच बसवल्यावर आत एवढासा बुडबुडा दिसला, तरी पुन्हा पहिल्यापासून. इथे मोजायचा आहे तो मुठेच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू. बुडबुड्यातल्या हवेचा प्राणवायू त्यात मिसळला, तर प्रयोगशाळेत कितीही काळजी घेतली तरी आकडा नदीचा राहत नाही.

ही पुण्यातल्या एका कॉलेजची टीवायची, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाची मुलं. मुठेच्या पाण्यावरचं पोस्टर एका परिषदेत मांडायला निघालेली. दोघी रसायनशास्त्राच्या, एक संख्याशास्त्राची, एक जण भूगोलाचा, एक प्राणिशास्त्राचा. कॅन्टीनमध्ये रोज भेटणारी. पण एकाचं काम दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ तोवर कधी आली नव्हती. आपल्याकडे प्रॅक्टिकल ज्याचं त्याचं, जर्नल ज्याचं त्याचं आणि मार्कही ज्याचे त्याचे.

(जवळून : बाटलीत ड्रॉपरने द्रावण सोडलं जातं.)

आधी मँगनीज सल्फेट. मग आयोडाइड मिसळलेलं अल्कली. बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि थांबायचं.

हे बघा. विठ्ठलवाडीच्या बाटलीत तपकिरी साका बसतोय. पाण्यात प्राणवायू असल्याची ती खूण.

(संगम पूल. तीच कृती, दुसरी बाटली.)

आणि ही संगम पुलाजवळची, मुळा येऊन मिळते तिथली. साका जवळजवळ पांढरा.

हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी ही पद्धत 1888 मध्ये मांडली. महागडं यंत्र लागत नाही, म्हणून साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही ती चालते. नदीत अंघोळ करता यावी, तर लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं आपल्या देशाचा निकष सांगतो.

(प्रयोगशाळा. ब्युरेट. द्रावण सोनेरी, मग निळं, मग एकदम रंगहीन.)

आम्ल टाकलं की साका विरघळतो आणि द्रावण सोनेरी होतं. ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं. रंग फिका झाला की स्टार्च घालायचं, म्हणजे द्रावण निळं होतं. तो निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो, तिथे थांबायचं. हेच टायट्रेशन. एक जण तोटी सांभाळतो, दुसरी रीडिंग मोठ्याने म्हणते, तिसरी लिहून घेते.

(टेबलाभोवती वाद. मूळ आवाज थोडा वेळ तसाच ठेवावा.)

एकाच ठिकाणच्या दोन बाटल्यांची रीडिंग जुळेनात. प्रयोगशाळेतल्या म्हणाल्या, भरताना हवा शिरली असणार. घाटावरचा म्हणाला, तुमचाच शेवटचा थेंब जास्त पडला. खरं काय ते शोधायला कागदावर काहीच नव्हतं, कारण बाटलीवर फक्त ठिकाणाचं नाव लिहिलेलं होतं.

त्या दिवसापासून लेबल बदललं. कोणी भरली, किती वाजता, द्रावण कोणी घातलं, टायट्रेशन कोणी केलं. दोष द्यायला नव्हे, पुन्हा नेमकं काय करायचं ते कळायला. संशोधनाच्या जगातही हा आग्रह तसा अलीकडचा. ‘क्रेडिट’ नावाची 14 प्रकारच्या कामांची यादी 2014 मध्ये पुढे आली. माहिती गोळा करणं, विश्लेषण, आलेख, पहिला मसुदा अशा कामांपैकी कोणी काय केलं, ते त्यानुसार लेखासोबत छापता येतं. या पाच जणांनी तेच पोस्टरच्या तळाशी लिहिलं.

(रिकामा वर्ग. लॅपटॉपवर पोस्टर. तालीम.)

परिषद अमेरिकेतली होती आणि ऑनलाइन होती. तिकडे पदवीच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संशोधन परिषद 1987 पासून भरते आहे. पदवी पूर्ण व्हायच्या आत मुलांनी आपलं काम अनोळखी अभ्यासकांपुढे मांडावं, ही रीत तिथे मुरलेली आहे. आपल्याकडे राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा आहे आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाच्या संशोधनालाही वाट दिली आहे. पण परदेशातली परिषद म्हणजे व्हिसा आणि विमानाचं भाडं. ऑनलाइन परिषदेने ही अडचण दूर केली. साध्या घरातल्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

तालमीला मार्गदर्शक मॅडमची एकच अट होती. आपापला भाग कोणी मांडायचा नाही.

म्हणून इथे भूगोलाचा विद्यार्थी स्टार्चचा निळा रंग समजावतोय. अडखळतोय. रसायनशास्त्राची मुलगी नकाशावर मुळा आणि मुठा यांची अदलाबदल करतेय. आणि प्रमाण विचलन म्हणजे काय, हे प्राणिशास्त्रवाल्याला सांगता येईपर्यंत संख्याशास्त्राची मुलगी त्याला सोडत नाहीये.

या शहराला हे शिकवावं लागू नये. कॉलेजांच्या एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून इथे होते आहे. प्रकाशयोजना करणाऱ्याला सगळ्यांचे संवाद पाठ असतात, हे भरत नाट्य मंदिरात बसलेल्या कोणत्याही प्रेक्षकाला ठाऊक आहे. तीच तालीम विज्ञान शाखेच्या वाट्याला का येऊ नये?

(स्क्रीनवर पाच चौकटी.)

आयोजकांकडे सकाळचे दहा, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. एकाच खोलीत बसलं तर आवाज घुमतो, म्हणून चौघं चार वेगळ्या वर्गांत. पाचवा भिगवणला घरी, मोबाइलच्या नेटवर. स्क्रीन एक जण शेअर करणार. त्याचं नेट गेलं तर पोस्टर दुसरीकडे उघडून तयार. तिसरी चॅटवर येणारे प्रश्न टिपणार, चौथी वेळ बघणार. शिवाय व्हॉट्सॲपवर पाच जणांचा वेगळा ग्रुप. कोणी भरकटलं तर तिथे फक्त पुढच्या स्लाइडचा आकडा टाकायचा, दुसरं काही लिहायचं नाही.

समोरच्या परीक्षकांनी रसायनशास्त्राच्या मुलीला विचारलं, प्राणवायू सांडपाण्यामुळेच घटला, हे कशावरून म्हणता? उत्तर तिला येत होतं. तरी तिने ते भूगोलवाल्याकडे सोपवलं, कारण कोणता नाला कुठे मिळतो ते त्याने काठाने चालून बघितलं होतं. तो बोलून झाल्यावर तिने एका वाक्यात पुस्ती जोडली : एवढ्या नमुन्यांवरून ‘सांडपाण्यामुळेच’ असं म्हणता येणार नाही, एवढं मात्र नक्की की नाले मिळाल्यावर प्राणवायू घटतो.

मग प्रश्न आला, हे पाणी पुढे जातं कुठे?

(भिगवण. उजनीचा फुगवटा. रोहित पक्ष्यांचा थवा.)

याचं उत्तर भिगवणच्या मुलाने दिलं. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. त्याचं घर त्याच पाण्याच्या काठी आहे.

बक्षीस दुसऱ्या गटाला मिळालं. नमुने वर्षभर घ्या, असं परीक्षकांनी सुचवलं. पावसाळ्यात भिडे पूल पाण्याखाली जातो तेव्हाचेही. बाटल्या आता एसवायच्या मुलांकडे आहेत, आणि लेबलं कशी लिहायची हे टीवायने त्यांना घाटावरच शिकवलं आहे.