पेटीआधी कागद

जोहान्सबर्ग विमानतळाच्या मालवाहू विभागात एक लाकडी पेटी ठेवली आहे. आत कुडू या आफ्रिकी हरणाची शिंगं, इम्पाला या दुसऱ्या हरणाची कवटी आणि मीठ लावून वाळवलेलं बिबट्याचं कातडं. शिकारी केव्हाच टेक्सासला परतलाय. ट्रॉफी, म्हणजे शिकारीची आठवण म्हणून न्यायची ही शिंगं-कातडी, मात्र महिनोन्‌महिने मागे राहते. हाडं उकळायची, कातडी खारवायची, औषधात बुडवायची, मग परवान्यांची वाट पाहायची.

आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला, म्हणून हा धंदा आपल्याला परका वाटतो. दक्षिण आफ्रिकेत तो उघड चालतो आणि त्याचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकन आहे.

अमेरिकेत ही पेटी एकट्या कस्टम्सने सोडून भागत नाही. वन्यजीव खातं आहे, कृषी खातं आहे. शिवाय ती वाटेल त्या विमानतळावर उतरवता येत नाही. न्यूयॉर्क, अटलांटा, ह्यूस्टन अशी ठरलेली ठिकाणं आहेत. इथे लागतो कस्टम्स ब्रोकर, म्हणजे माल सोडवून देणारा परवानाधारक दलाल. त्याची परवाना परीक्षा ८० प्रश्नांची, पास व्हायला ७५ टक्के. पुस्तकं उघडी ठेवून द्यायची, तरी बहुतेक जण गळतात.

पण कापड नि यंत्रं सोडवण्यात मुरलेला ब्रोकरही ट्रॉफीपुढे अडखळतो. धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय करारात कुडू, इम्पाला नाहीत. बिबट्या मात्र त्याच्या पहिल्याच, सर्वात कडक परिशिष्टात. दक्षिण आफ्रिकेचा निर्यात परवाना हवा, अमेरिकेचा आयात परवाना हवा, आणि दोन्ही पेटी निघण्याआधी. कातड्याच्या टॅगवरचा नंबर परवान्याशी जुळायला हवा. परवान्यावर उद्देशाचं एक अक्षरही असतं: शिकारीच्या ट्रॉफीला ‘एच’. त्याच कातड्याची तिकडे पर्स शिवून नुसती तीच पाठवली, की ती अमेरिकेच्या लेखी ट्रॉफी उरत नाही आणि ‘एच’ चुकीचा ठरतो. एवढ्याशा अक्षरावर माल अडकतो!

पेटीच्या लाकडाचीही झडती होते. कीड येऊ नये म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा किंवा धुरी दिल्याचा शिक्का लागतो.

त्यामुळे ब्रोकर गाठायचा तो शिकारीला निघण्याआधी. फी नंतर विचारा. वन्यजीव खात्याचा ३-१७७ क्रमांकाचा फॉर्म तो स्वतः भरतो का, आधी कुठल्या प्राण्यांच्या ट्रॉफी सोडवल्यात, हे आधी विचारा. मुखत्यारपत्र त्याच्या नावे केलं, तरी आयातदार शिकारीच राहतो. परवान्यात खोट निघाली तर कातडं जप्त होतं. ब्रोकरचं बिल तरीही येतंच.