एक क्रमांक, १,९३० तिकिटे: स्पेनची नाताळ लॉटरी

२२ डिसेंबर २०२४ रोजी माद्रिदच्या तेआत्रो रेआल या ऑपेरागृहात झालेल्या सोडतीत ७२४८० या क्रमांकाला पहिले बक्षीस लागले. हा क्रमांक छापलेली तिकिटे एक-दोन नव्हे, तर १,९३० होती आणि त्यांतल्या प्रत्येक तिकिटावर ४,००,००० युरोंचे बक्षीस होते. उत्तर स्पेनमधल्या लोग्रोन्यो शहरातल्या विक्रीकेंद्राकडे हा क्रमांक आला होता. मात्र त्याची बरीच तिकिटे माद्रिदच्या एका बास्केटबॉल क्लबने आपल्या वर्तुळात खपवली होती. त्यामुळे दुपारच्या बातम्यांत रातोरात श्रीमंत झालेला एखादा भाग्यवान दिसला नाही, तर क्लबभोवतीचा अख्खा गोतावळा एकदम दिसला. स्पेनमध्ये दरवर्षी थोड्याफार फरकाने असेच चित्र दिसते आणि ते योगायोगाने घडत नाही, कारण या लॉटरीची घडणच तशी आहे.

ही घडण समजून घ्यायची तर आधी तिकीट पाहावे लागते. नाताळच्या सोडतीत ००००० ते ९९९९९ असे बरोबर १,००,००० क्रमांक असतात. एका क्रमांकाच्या पूर्ण तिकिटाला बिलेते म्हणतात. ते २०० युरोंचे असते आणि त्याचे दहा समान भाग केलेले असतात. दुकानातून गिऱ्हाईक सहसा जे विकत घेते तो हा दहावा भाग, म्हणजे देसिमो, आणि त्याची किंमत २० युरो आहे. देसिमोवर क्रमांकाशेजारी येशूजन्माचे एखादे जुने चित्र असते आणि बाजूला मालिकेचा आकडा असतो. तो मालिकेचा आकडा महत्त्वाचा, कारण प्रत्येक क्रमांकाचे बिलेते एकदाच छापले जात नाही; २०२४ साली अशा १९३ मालिका निघाल्या होत्या आणि सुरुवातीला सांगितलेली १,९३० तिकिटे तिथूनच आली.

केरळच्या सरकारी लॉटरीतही एकच क्रमांक वेगवेगळ्या मालिकांत छापला जातो, पण तिथे पहिले बक्षीस एकाच मालिकेतल्या तिकिटाला मिळते आणि इतर मालिकांतल्या त्याच क्रमांकाच्या मालकांची उत्तेजनार्थ रकमेवर बोळवण होते. स्पेनच्या नाताळ सोडतीत सगळ्या मालिका सारख्याच मानल्या जातात. एल गोर्दो या नावाने ओळखले जाणारे पहिले बक्षीस प्रत्येक मालिकेत ४० लाख युरोंचे असते. २०२४ मध्ये अशा १९३ रकमा, म्हणजे एकंदर ७७ कोटी २० लाख युरो, त्या एका क्रमांकाच्या वाट्याला आले होते.

तिकिटांची मागणी वाढली, तर ही लॉटरी चालवणारी सरकारी कंपनी, लोतेरियास इ आपुएस्तास देल एस्तादो, नवे क्रमांक काढत नाही; ती मालिका वाढवते. २०२३ मध्ये १८५ मालिका होत्या, २०२४ मध्ये १९३ आणि २०२५ मध्ये १९८. त्यामुळे तिकिटे कितीही जास्त खपली तरी एका देसिमोला एल गोर्दो लागण्याची शक्यता लाखात एक एवढीच राहते. ती बदलली होती ते २०११ साली, जेव्हा क्रमांकांची संख्या ८५,००० वरून १,००,००० करण्यात आली आणि त्याच वेळी एका देसिमोवरचे पहिले बक्षीस तीन लाख युरोंवरून चार लाखांवर गेले. वाढलेल्या बक्षिसाची जाहिरात होते, घटलेल्या शक्यतेची होत नाही. लॉटरीच्या धंद्यात याचे नवल वाटायला नको.

विक्री जुलैतच सुरू होते. उन्हाळ्याच्या सुटीत समुद्रकिनारी गेलेले लोक तिथल्या गावाची आठवण म्हणून एखादा देसिमो घेतात, आणि खरी गर्दी नोव्हेंबरपासून होते. विक्री करणाऱ्या अधिकृत दुकानांना तिथे अदमिनिस्त्रासिओन म्हणतात. माद्रिदमधले १९०४ साली सुरू झालेले दोन्या मानोलिता हे दुकान त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे आणि डिसेंबरात त्याच्यासमोरची रांग रस्त्याच्या वळणापलीकडे जाते. या दुकानातून घेतलेल्या तिकिटाला बक्षीस लागते, असा लोकांचा समज आहे. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण जिथे सर्वांत जास्त क्रमांक विकले जातात तिथे बक्षिसेही जास्त निघणारच. रांगेतल्या माणसाच्या हातातल्या एका तिकिटाची शक्यता मात्र त्यामुळे तसूभरही वाढत नाही.

या अधिकृत विक्रीच्या खाली आणखी एक विक्री चालते आणि माझ्या मते या लॉटरीचा जीव तिथेच आहे. गावातली कॅफे, फुटबॉल क्लब, शाळेतला पालकसंघ, जत्रेचे मंडळ किंवा एखादे कार्यालय एकच क्रमांक निवडून त्याचे बरेच देसिमो घेते, ते स्वतःकडे जपून ठेवते आणि त्यांच्या आधारे लहान रकमेच्या पावत्या छापून विकते. या पावत्यांना पार्तिसिपासिओन म्हणतात. पाच युरोंच्या पावतीतले चार युरो लॉटरीत खेळले जातात आणि एक युरो मंडळाला देणगी म्हणून जातो, अशी सर्रास पद्धत आहे. क्रमांकाला एल गोर्दो लागला, तर चार युरोंच्या वाट्याला ८०,००० युरो येतात. अर्थात हा सगळा व्यवहार विश्वासावर चालतो. एखाद्या मंडळाने हातातल्या देसिमोंपेक्षा जास्त पावत्या विकल्या असतील, तर ते बक्षीस लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही आणि लागल्यावर प्रकरण न्यायालयात जाते.

एकाच क्रमांकाभोवती अख्खे गाव गोळा झाले की काय घडते, हे २०११ साली दिसले. उएस्का प्रांतात सोदेतो नावाचे शेतकऱ्यांचे एक छोटे गाव आहे. तिथल्या गृहिणींच्या मंडळाने दरवर्षीप्रमाणे घरोघर जाऊन पावत्या विकल्या आणि त्या वर्षी त्यांच्याच ५८२६८ या क्रमांकाला पहिले बक्षीस लागले. सुमारे सत्तर उंबरठ्यांच्या त्या गावात जवळपास प्रत्येक घरात बक्षीस आले. ज्याच्याकडे पावतीच नव्हती असा एक रहिवासी राहिला आणि पुढे जगभरच्या वर्तमानपत्रांनी गावापेक्षा त्याचीच बातमी जास्त छापली. स्पेनमधला कर्मचारी कार्यालयातला देसिमो का घेतो, याचे उत्तर त्या बातमीत मिळते: सगळ्या सहकाऱ्यांना बक्षीस लागले आणि आपण तेवढे २० युरो वाचवले, ही कल्पनाच त्याला सोसत नाही. लाखात एक या शक्यतेचा हिशेब तो करत नाही. आपण एकटे मागे राहू नये, यासाठी तो ते पैसे मोजतो.

सरकारला या खेळाची गरज कशी वाटली, याचा इतिहास युद्धाशी जोडलेला आहे. राजा तिसरा कार्लोस याने १७६३ मध्ये नेपल्सच्या धर्तीवर स्पेनमध्ये पहिली सरकारी लॉटरी आणली होती, पण छापील क्रमांकांच्या तिकिटांची आजची पद्धत कादिझ शहरात सुरू झाली. नेपोलियनच्या फौजांनी देशाचा बहुतेक भाग व्यापला होता, खजिना रिकामा होता आणि कादिझमध्ये जमलेल्या संसदेला लोकांवर नवा कर बसवणे शक्य नव्हते. तेव्हा सिरिआको गोन्सालेस कार्वाखाल यांनी करदात्यांना तोशीस न देता उत्पन्न वाढवण्याचा उपाय म्हणून ही लॉटरी सुचवली. तिची पहिली सोडत ४ मार्च १८१२ रोजी निघाली आणि नाताळपूर्वीची पहिली सोडत त्याच वर्षी १८ डिसेंबरला झाली. त्या दिवशी ०३६०४ हा क्रमांक विजयी ठरला होता. तेव्हापासून ही परंपरा यादवी युद्धातही थांबली नाही. १९३८ साली तर दोन्ही बाजूंनी आपापली सोडत काढली, एकीने बार्सेलोनात आणि दुसरीने बुर्गोसमध्ये.

आता सोडतीकडे वळू. रंगमंचावर तारांचे दोन गोलाकार पिंजरे आहेत. मोठ्या पिंजऱ्यात एक लाख लाकडी गोळ्या असतात, प्रत्येकीवर एक क्रमांक कोरलेला. लहान पिंजऱ्यात १,८०७ गोळ्या असतात आणि त्यांच्यावर बक्षिसांच्या रकमा असतात. सोडतीआधी प्रेक्षकांपैकी कोणालाही आपल्या क्रमांकाची गोळी खरोखर तिथे आहे की नाही, ते पाहून घेता येते. सकाळी नऊ वाजता पिंजरे फिरू लागतात, दोन्हींतून एकेक गोळी बाहेर पडते, एक मूल क्रमांक गाते आणि दुसरे लगेच रक्कम गाते. ही मुले माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची असतात. एके काळी ती अनाथ मुलांची शाळा होती आणि तिथल्या मुलाने लॉटरीचा क्रमांक प्रथम काढला तो ९ मार्च १७७१ रोजी. मुलींना हा मान मिळायला मात्र १९८४ साल उजाडावे लागले. आज त्यांच्यात लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतली मुलेही असतात.

लहान पिंजऱ्यातल्या १,८०७ गोळ्यांपैकी १,७९४ गोळ्यांवर एकच रक्कम असते, ती म्हणजे मालिकेमागे १,००० युरो, अर्थात देसिमोमागे १००. या छोट्या बक्षिसांना पेद्रेआ म्हणतात आणि तासन्‌तास ऐकू येणारी ‘मिल युरोस’ ही लकेर त्यांचीच असते. उरलेल्या तेरा गोळ्यांसाठी सगळा देश कान देऊन बसलेला असतो. एल गोर्दोनंतर देसिमोमागे १,२५,००० युरोंचे दुसरे आणि ५०,००० युरोंचे तिसरे बक्षीस येते. त्याखाली २०,००० युरोंची दोन आणि ६,००० युरोंची आठ बक्षिसे असतात. ती कोणत्या क्षणी बाहेर पडतील याचा नेम नसतो, त्यामुळे एल गोर्दो कधी पहिल्या तासातच निघतो, तर कधी दुपारपर्यंत ताटकळत ठेवतो. मोठी रक्कम निघाली की मुले सोडत समितीच्या मेजासमोर जाऊन क्रमांक आणि रक्कम पुन्हा गातात, आणि मग दोन्ही गोळ्या तारेत ओवल्या जातात.

जी बक्षिसे पिंजऱ्यातून न निघता निव्वळ हिशेबाने ठरतात, त्यांची संख्या याहून कितीतरी मोठी आहे. ७२४८० चेच उदाहरण घेऊ. त्याच्या अलीकडच्या ७२४७९ आणि पलीकडच्या ७२४८१ या क्रमांकांना देसिमोमागे २,००० युरो मिळाले. ७२४०० ते ७२४९९ या शंभरातल्या इतर क्रमांकांना आणि ज्यांच्या शेवटी ८० आहे अशा सगळ्या क्रमांकांना १०० युरो मिळाले. आणि ज्यांच्या शेवटी नुसते शून्य आहे त्यांना तिकिटाचे २० युरो परत मिळाले. याच धर्तीची, पण कमी प्रकारांची बक्षिसे पुढच्या मोठ्या क्रमांकांभोवतीही असतात. हे सगळे धरून एका मालिकेत १५,३०४ बक्षिसे होतात, मात्र त्यांतली ९,९९९ निव्वळ परताव्याची असतात. म्हणजे शंभर देसिमो घेतले तर साधारण पंच्याऐंशींना काहीच लागत नाही, दहांचे पैसे परत येतात आणि जेमतेम पाचांवर काही कमाई होते.

पैशांचा ताळेबंद तर त्याहून सरळ आहे. एका मालिकेची सगळी तिकिटे मिळून दोन कोटी युरोंची असतात आणि त्या मालिकेची सगळी बक्षिसे मिळून बरोबर एक कोटी चाळीस लाखांची. विक्रीतले सत्तर टक्के परत जातात. उरलेल्या तीस टक्क्यांतून विक्रेत्यांचे कमिशन आणि व्यवस्थेचा खर्च वजा जाऊन बाकी सरकारकडे येते. न विकल्या गेलेल्या तिकिटाला बक्षीस लागले, तर ते पुढच्या सोडतीत जमा होत नाही, सरकारकडेच राहते.

२०१३ पर्यंत बक्षिसावर कर नव्हता. आर्थिक मंदीच्या काळात तो आला आणि आज ४०,००० युरोंवरच्या रकमेवर २० टक्के कापले जातात, म्हणजे चार लाखांच्या देसिमोतून ७२,००० युरो जाऊन विजेत्याच्या हाती ३,२८,००० युरो पडतात. करदात्यांना तोशीस न देता खजिना भरण्यासाठी सुरू झालेली ही योजना दोनशे वर्षांनी अशी करापाशीच येऊन थांबली.

देसिमो ज्याच्या हातात असतो त्यालाच मालक समजले जाते, म्हणून तिघा-चौघांनी मिळून एक तिकीट घेतले असेल तर कोणाचा वाटा किती हे लिहून ठेवण्याचा आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र सगळ्यांना पाठवून देण्याचा सल्ला दिला जातो. बक्षीस घेताना सगळ्या भागीदारांची नावे द्यावी लागतात. एकट्याच्या नावावर रक्कम घेऊन मागाहून वाटली, तर कर खाते तिला देणगी मानून वेगळा कर मागू शकते. २,००० युरोंपेक्षा कमी बक्षीस कोणत्याही विक्रीकेंद्रावर मिळते, त्यापुढच्या रकमेसाठी बँकेत जावे लागते आणि सोडतीनंतर तीन महिन्यांत मागणी न केल्यास हक्क संपतो.

ज्यांच्या पदरात फक्त २० युरोंचा परतावा पडतो, त्यांच्यातले बरेच जण खिडकीवर रोख रक्कम मागतच नाहीत. ६ जानेवारीला एल निन्यो नावाची पुढची मोठी सोडत असते, तिच्यातही एक लाख क्रमांक असतात आणि देसिमोची किंमतही तीच असते. पहिले बक्षीस नाताळच्या निम्मे, म्हणजे दोन लाख युरो असले, तरी तिथे शेवटचा अंक तीन वेगवेगळ्या अंकांपैकी कोणताही असला तरी पैसे परत मिळतात. म्हणून नाताळचे तिकीट देऊन ते त्याच खिडकीतून एल निन्योचे तिकीट घेऊन जातात.