दूध कट्ट्यावरचा आकडा

कोल्हापूरच्या गंगावेशीतला दूध कट्टा. म्हैस समोरच उभी. धार काढली की फेसासकट पेला हातात. पेला रिकामा होईस्तोवर कुणाचा तरी फोन पुढं येतोच. आजचा मेसेज लसीचा आहे. लसीनं झालेले हजारो मृत्यू अमेरिकेच्या सरकारी नोंदवहीतच आहेत म्हणे.

लसीनंतरच्या त्रासांची अशी नोंदवही खरंच आहे. तिचं नाव वेअर्स. सीडीसी आणि एफडीए या तिथल्या दोन सरकारी संस्था 1990 पासून ती चालवतात. पण तिच्यात कुणीही नोंद करू शकतं. एका अमेरिकन डॉक्टरनं मुद्दाम कळवलं, लस घेतली आणि माझा हल्क झाला, सिनेमातला तो हिरवा राक्षस. दाखल झाली की नोंद! पुढं त्याला विचारून ती काढली.

पोलीस ठाण्यातली तक्रार म्हणा ना. लिहून घेतली म्हणून गुन्हा शाबीत होत नाही.

आता या कट्ट्याचंच बघा. इथं दूध पिऊन गेलेल्यांपैकी कुणाला तरी आज रात्री ताप येणार. दुधामुळं? ते ठरवायचं तर एकूण किती जण प्याले हे पाहिजे, आणि न पिणाऱ्यांत किती जणांना ताप आला हेही. मेसेजात दोन्ही नाही.

लहान बाळांपाशी हा हिशेब जड होतो. 2020 मध्ये भारतात दर हजार जन्मांमागं 28 बाळं वर्षाच्या आत गेली. त्याच वर्षभरात दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी, मग नवव्या महिन्याची. लस दिली नसती तरी काही मृत्यू नेमके त्याच दिवसांत आले असते. पण ज्या घरात बाळ गेलंय, तिथं जाऊन हे गणित कुणी मांडू नये. तिथं आधी चौकशी.

कारण वहीतल्या थोड्या नोंदीही कधी खऱ्या ठरतात. 1998 मध्ये अमेरिकेत रोटाशील्ड ही लस आली, बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरची. आतड्यात आतडं शिरल्याच्या नोंदी वेअर्समध्ये जमल्या. किती? पंधरा. पण बहुतेक लसीनंतरच्या आठवड्याभरातल्या. मग लस घेतलेली आणि न घेतलेली बाळं ताडून पाहिली. धोका निघाला साधारण दहा हजारांत एक. 1999 मध्येच लस बाजारातून गेली.

आपल्याकडं ही चौकशी इथून सुरू होते. करवीर तालुक्यातलं एक आरोग्य उपकेंद्र. सिस्टरताईंच्या फॉर्मवर लसीचा बॅच नंबर, टोचल्याची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ. गंभीर असेल तर प्रकरण जिल्हा समितीकडं. तिथं चौकशी होते. मग दोष लसीचा, टोचण्यातल्या चुकीचा, भीतीचा की निव्वळ योगायोग, हे वरच्या पातळीवरची समिती ठरवते.

बाळ रडून रडून झोपलंय. आई उठायला लागते.

“अर्धा तास बसा वैनी. रात्री ताप आला तर फोन करा. आणि नाही आला, तरी उद्या सांगा.”