पटकीचं विष कोणाचं?

नमस्कार. आतड्यातल्या विषाणूंवर बोलायचं ठरलं तेव्हा संयोजकांनी हळूच सांगितलं, श्रोते चहा-फराळ करून आलेले असतील, जरा बेतानं घ्या. ते काही जमणार नाही. या विषयाचा सगळा कच्चा माल विष्ठा हाच आहे, त्यामुळे सांभाळून घ्या.

धडधाकट माणसाच्या, ताप-जुलाब काही नसलेल्या माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत अब्जाच्या घरात विषाणू असतात. २००३ साली अमेरिकेत एका निरोगी माणसाच्या विष्ठेतल्या विषाणूंचा डीएनए पहिल्यांदा वाचला गेला, तेव्हा त्यात सुमारे १२०० प्रकार असावेत असा हिशेब निघाला. वाचलेल्या डीएनएतला निम्म्याहून जास्त भाग अनोळखी. तीन वर्षांनी डीएनएऐवजी आरएनए बाळगणारे विषाणू तपासले, तर सगळ्यात जास्त संख्येनं कोण सापडावं? मिरचीच्या झाडाला रोग पाडणारा एक विषाणू. ठेचा, तिखट, सॉस यांतून तो आपल्या पोटात जातो आणि जसा गेला तसा बाहेर पडतो. आपलं काही बिघडवत नाही. सांडपाण्यात तो इतका हमखास सापडतो की कोविडच्या काळात गटाराच्या पाण्यात माणसाची घाण किती, हे मोजायला त्याचा उपयोग केला गेला.

पण हा मिरचीवाला पाहुणा झाला. आतड्यात कायम मुक्काम असलेले बहुतेक विषाणू जिवाणूंना लागण करणारे आहेत. त्यांना फाज म्हणतात. माणसाच्या पेशीशी त्यांना थेट देणंघेणं नाही. मग डॉक्टरांनी त्यांची दखल का घ्यावी? याचं उत्तर मी पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या गोष्टीतून देणार आहे, कारण तिच्याइतकी पक्की गोष्ट या विषयात दुसरी नाही.

पटकी आपल्या घराघरांत माहीत होती. ज्यांच्या घरात वारी आहे, त्यांनी पंढरपूरला जाण्याआधीच्या टोचणीच्या आठवणी आजोबा-पणजोबांकडून ऐकल्या असतील. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, वेळेत पाणी-मीठ मिळालं नाही तर काही तासांत माणूस सुकून जातो. पटकीचा जंतू कॉख यांनी १८८० च्या दशकात दाखवून दिला होता. तो करतो काय, हे मात्र नीट कळलं १९५९ साली, कोलकात्यात. शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्यानं बांधून त्यात जंतू वाढवलेला, पण जंतू गाळून काढलेला द्रव सोडला. जंतू नसतानाही तुकडा पाण्यानं टम्म फुगला. म्हणजे करामत जंतूनं सोडलेल्या विषाची होती. आतड्याच्या भिंतीला ते भोक पाडत नाही. पेशींना क्षार बाहेर टाकायला लावतं आणि क्षारांमागून पाणी जातं. डे यांचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात का नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

इथवर गोष्ट जिवाणूची होती. १९९६ साली हार्वर्डमध्ये वॉल्डर आणि मेकालॅनॉस यांनी तिला कलाटणी दिली. या विषाचं जनुक मुळात जिवाणूचं नाहीच, ते एका फाजचं आहे. दोऱ्यासारखा लांबट विषाणू, डीएनएच्या जेमतेम सात हजार अक्षरांचा जनुकसंच. पटकीच्या जंतूला आतड्यात जम बसवायला एक केसासारखा अवयव लागतो. हा विषाणू नेमका तोच धरून आत शिरतो आणि जंतूच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. जंतूला मारत नाही. तो शिरण्याआधीचा जंतू पटकी घडवू शकत नाही, शिरल्यावरचा घडवतो. आणखी एक गंमत त्या प्रयोगात दिसली. हा विषाणू एका जंतूकडून दुसऱ्याकडे काचेच्या भांड्यापेक्षा जिवंत उंदराच्या आतड्यात जास्त सहज गेला. म्हणजे साध्या जंतूचा घातक जंतू होण्याचा कारखाना आतड्यातच आहे.

जिवाणू आपल्या पोटात राहतो आणि विषाणू जिवाणूच्या पोटात. या पोटभाडेकरूनं घरमालकाचा सगळा स्वभाव बदलून टाकला. घटसर्पाचं विषही असंच फाजकडून आलेलं आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. पहिलं महायुद्ध चालू असताना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स देरेल हगवणीवर काम करत होते. एका आजारी माणसाची विष्ठा ते रोज चिनी मातीच्या गाळणीतून गाळायचे. त्या गाळणीतून जिवाणू जात नाहीत. गाळलेल्या पाण्याचे थेंब हगवणीच्या जंतूंनी गढूळ झालेल्या नळीत टाकायचे आणि रात्रभर ठेवायचे. रोज सकाळी नळी गढूळच. एके दिवशी सकाळी पाहतात तो नळी पाण्यासारखी स्वच्छ! जंतू विरघळून गेले होते. देरेल यांनीच पुढे लिहून ठेवलंय की त्यांना लगेच वाटलं, हेच रोग्याच्या आतड्यातही झालं असणार. ते रुग्णालयात गेले, तर रोग्याला रात्रीतून उतार पडलेला होता. हा शोध १९१७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन वर्षं आधी इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांनाही असंच काही दिसलं होतं, पण त्याचा औषध म्हणून ध्यास घेतला तो देरेल यांनीच.

१९२७ साली ते हिंदुस्थानात आले. पंजाबात त्यांनी पटकीच्या रोग्यांना फाज पाजलं, गावच्या विहिरींत फाज ओतलं. निकाल उत्साहवर्धक होते. पण त्या तुलना आजच्या कसोटीला उतरणाऱ्या नव्हत्या, हे स्पष्ट सांगायला हवं. पुढे प्रतिजैविकं आली आणि हे काम मागं पडलं. जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीच्या एलियावा संस्थेनं मात्र ते सोडलं नाही.

देरेल यांच्या कल्पनेला मोठा आधार मिळाला तो ढाक्यात, २००५ साली. तिथल्या संशोधकांनी नदी-तळ्यांचं पाणी आणि रोग्यांची विष्ठा सतत तपासली. पटकीची साथ चढते तेव्हा पाण्यात तिचे फाज कमी असतात. साथ पसरते तसे रोग्यांच्या आतड्यांत फाज वाढतात, तिथून पाण्यात येतात आणि साथ ओसरते. साथ शमवण्यात या विषाणूंचा वाटा असतो. जंतूही गप्प बसत नाही, तो फाजला अडवायला जनुकांचे अडसर उभे करतो. आणि २०१३ साली असा एक फाज सापडला की ज्यानं जिवाणूंचीच क्रिस्पर ही संरक्षणयंत्रणा उचलून जंतूवर उलटवली होती. चोरावर मोर, दुसरं काय!

एक विषाणू जंतूला विषारी करतो, दुसरा त्याच जंतूचा फडशा पाडतो, दोन्ही त्याच आतड्यात. म्हणून ‘आतड्यातले विषाणू चांगले की वाईट’ हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. विचारायचं ते असं: हा विषाणू कुठल्या जिवाणूत राहतो आणि त्या जिवाणूचं काय करतो?

हा प्रश्न हातात धरून बाकीचे आजार पाहू. नवजात बाळाच्या पहिल्या शीमध्ये विषाणू जवळजवळ नसतात. महिन्याभरात ते अब्जावर जातात, आणि येतात ते मुख्यतः बाळाच्या आतड्यात आधी वस्तीला आलेल्या जिवाणूंमधूनच. आतड्याला सतत सूज राहण्याचे जे आजार आहेत, क्रोन आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, त्यांत फाजचे प्रकार वाढलेले दिसतात. पण आजारानं विषाणू वाढले की विषाणूंनी आजार वाढवला? उंदरांवर दुसरी शक्यता दिसली आहे, माणसात अजून वाद आहे. दारूमुळे होणाऱ्या यकृताच्या एका गंभीर आजारात मात्र धागा जास्त स्पष्ट आहे. तिथं एक ठरावीक जिवाणू विष सोडतो. २०१९ साली त्या जिवाणूला मारणारे फाज देऊन उंदरांचं यकृत सावरलं.

आणि जर्मनीतल्या कील शहरातला प्रयोग. प्रतिजैविकांनंतर काही रोग्यांना क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जिवाणूचे हट्टी जुलाब लागतात. निरोगी माणसाची विष्ठा त्यांच्या आतड्यात सोडण्याचा उपाय आता रूढ आहे. कीलमध्ये ती विष्ठा आधी इतकी बारीक गाळली की जिवाणू राहिलेच नाहीत. नुसत्या गाळलेल्या पाण्यानं पाचही रोगी बरे झाले. यश विषाणूंचंच, असं लगेच म्हणू नका. त्या पाण्यात जिवाणूंचे तुकडे आणि त्यांची रसायनंही होती, आणि रोगी फक्त पाच.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: आतड्यातल्या विषाणूंची तपासणी करून घ्यावी का? पैसे वाचवा. २०१० साली जुळ्या बहिणी आणि त्यांच्या आया यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्या, पण विषाणू प्रत्येकीचे वेगळे, आणि वर्षभर जवळपास तेच टिकलेले. मग तुमचा अहवाल कोणाच्या अहवालाशी ताडून पाहायचा?

दुसरी चिठ्ठी एका आजींची आहे. नातवाला रोटाचे थेंब पाजायचे का? पाजायचेच, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. रोटा हा थेट बाळाच्या आतड्याच्या पेशींना लागणारा विषाणू आहे, त्याला जिवाणूची मध्यस्थी लागत नाही. सरकारी लसीकरणात ते फुकट मिळतात. यातली एक लस पुण्यात बनते. दुसरीचं मूळ दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या नवजात बाळांत आहे. १९८० च्या दशकात तिथल्या बाळांच्या विष्ठेत रोटा सापडला, पण बाळांना जुलाब नव्हते. डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बाळांवर लक्ष ठेवलं, तर पुढे रोटाच्या जोराच्या जुलाबांपासून त्यांचा बचाव होत होता. बाळांच्या आतड्यात मुकाट राहिलेला तोच विषाणू वाढवून लस केली, आणि २०१६ पासून ती देशाच्या लसीकरणात आहे.