कर्णाचं चाक आणि तळघराची खिडकी

मघाशी तुमच्यापैकी एकांनी विचारलं, की ज्या गोष्टीत मंत्र चालतात, त्या गोष्टीत तर्क कसला शोधायचा? प्रश्न रास्त आहे. नुकत्याच वाचलेल्या एका कादंबरीबद्दल सांगतो. नाव घेत नाही, कारण तिची सुरुवात मला मनापासून आवडली होती.

त्या जगात मंत्र म्हटला की म्हणणाऱ्याची एक आठवण कायमची पुसली जाते. नायक पहिला मंत्र म्हणतो आणि आईचा आवाज विसरतो. ते पान मी दोनदा वाचलं.

पुढे तो तळघरात कोंडला जातो. हात बांधलेले, दारावर पहारा. आता हा काय गमावून सुटणार, म्हणून मी जीव मुठीत धरून वाचत होतो. तर भिंतीत खिडकी निघते आणि खिडकीखाली घोडा घेऊन एक म्हातारा उभा! तो आधी कुठे दिसलेला नाही, नंतरही दिसत नाही. शेवटच्या युद्धात नायक एकामागून एक सात मंत्र म्हणतो आणि काहीच विसरत नाही.

कथेची गाठ कथानकातूनच सुटावी, हे ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगितलं. ग्रीक रंगभूमीवर देवांना यारीनं, म्हणजे क्रेनसारख्या यंत्रानं, वरून उतरवत; गाठ तशी सोडवू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

आता कर्ण आठवा. ऐन युद्धात रथाचं चाक रुतणं, अस्त्र न आठवणं, हे नुसते योगायोग वाटले असते. पण एका ब्राह्मणाचा शाप आणि परशुरामाचा शाप, दोन्ही कर्ण स्वतःच आधी शल्याला सांगतो. त्यामुळे चाक रुततं तेव्हा आपण ‘असं कसं झालं?’ म्हणत नाही. पोटात कालवतं.

त्या कादंबरीतल्या नायकाचंही तळघराच्या खिडकीसारखंच. पूर्वार्धात तो शत्रूच्या जखमी सैनिकाला रात्रभर पाणी पाजत बसतो. उत्तरार्धात शत्रूचा राजा चिडायला हवा, म्हणून तोच अख्खं शहर पेटवायला सांगतो आणि पुढच्याच प्रकरणात मित्रांशी हसतखेळत जेवतो. माणूस बदलतो, मान्य. पण इथे माणूस बदललेलाच नाही. लेखकाला पुढचा प्रसंग हवा होता, म्हणून त्याचा स्वभाव वाकवला. ती खिडकी आणि हे शहर, मला हा एकच दोष वाटतो.

हळहळ याची, की उपाय लेखकाच्या हातातच होता. एकेका मंत्रापायी आई जात राहिली असती, मग तिनं शिकवलेली दया गेली असती, आणि एक दिवस त्या सैनिकापाशी घालवलेली रात्रही. मग तो जळत्या शहरासमोर उभा राहिला असता आणि आपण पूर्वी कसे होतो हे त्याला आठवलंही नसतं. फक्त आपल्याला आठवलं असतं. ते दृश्य मी शेवटच्या पानापर्यंत शोधत होतो.