केळीच्या पानावरचं पाणी

(पडदा उजळतो. पहाट. केळीची बाग. पानावर पाण्याचा थेंब.)

रावेर तालुका. सातपुड्यामागं अजून पुरतं उजाडलेलं नाही. केळीच्या पानावर दोन थेंब शिंपडा. पाणी पसरत नाही. पाऱ्यासारखं गोळा होतं आणि पान हललं की घरंगळून जातं. आता पान उलटं करा, बोट फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागते. इथल्या प्रत्येक पोराच्या हाताला ती कधी ना कधी लागलेली असते, पण ते मेण आहे हे फारसं कुणी सांगत नाही. अंगातलं पाणी उन्हानं उडून जाऊ नये म्हणून झाडानं स्वतःच स्वतःवर चढवलेलं मेण.

ब्राझीलच्या ईशान्येला, सियारा आणि पियाउई या कोरड्या, तापट मुलखात ताडाच्या कुळातलं एक झाड उगवतं. कार्नाउबा. तेही हेच करतं, फक्त जरा सढळ हातानं. त्याची पानं कापून वाळवतात, झोडपतात, आणि जी भुकटी पडते ती वितळवून मेण काढतात. तुमच्या औषधाच्या गोळीवरची चकाकी बऱ्याचदा त्याचीच असते. चॉकलेटच्या गोळ्यांवरचीही. आणि गाडीला लावायच्या वॅक्सच्या डबीवर जे ‘कार्नाउबा’ लिहिलेलं असतं, ते हेच.

(दृश्य: मामांचं अंगण. पांढरी गाडी, टपावर धूळ.)

ही माझ्या मामांची गाडी. पांढरी. खान्देशात दहा गाड्या मोजा, पांढऱ्याच जास्त निघतील, आणि त्यात शहाणपण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढं जाणं ही इथं बातमी नाही. अशा दुपारी काळ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवून दाखवा. पांढरा रंग तेवढा तापत नाही.

मामा रोज सकाळी उठतात, दात घासतात, आणि खांद्यावरचं फडकं घेऊन गाडी पुसतात. कोरडी. फटाफट फडकं झटकत, टपापासून डिकीपर्यंत. गाडी घेतल्यापासून एक दिवस खाडा नाही. गाडीवर जीव आहे त्यांचा, यात शंका नाही. पण या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान उन्हानं केलेलं नाही, केळीच्या चिकानं नाही. त्या फडक्यानं केलंय.

कसं, ते बघायचं तर गाडीच्या रंगात उतरावं लागेल.

(दृश्य: मोबाइलच्या टॉर्चचा उजेड दरवाजावर. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे.)

पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. पेंटरच्या भाषेत क्लिअर किंवा लॅकर. हे चारही थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला वरचा पारदर्शक थर ४० मायक्रॉनच्या आसपास. आपल्या डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर गाडीची सगळी झळाळी अर्ध्या केसाच्या जाडीवर उभी आहे. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी रसायनंही त्याच थरात असतात.

आता आपली धूळ. उन्हाळ्यात वावरातून उठते, रस्त्यावरच्या ट्रकमागून उठते, पिठासारखी मऊ वाटते. पण तिच्यात वाळूचे बारीक कण असतात, आणि वाळूचा कण काचेवरसुद्धा रेघ ओढतो. कोरडं फडकं म्हणजे त्या कणांना दिलेला हात. रोज, न चुकता.

मामांना टॉर्चच्या उजेडात ते जाळं दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “हे त कंपनीतूनच आलं असंन.”

(थोडा विराम.)

ओरखड्यांवर गावातला उपाय ठरलेला आहे: “रबिंग-पॉलिश मारून टाका.” इथं शब्दांचा घोळ आहे आणि तो महागात पडतो. आपण सगळ्यालाच पॉलिश म्हणतो. पॉलिश आणि वॅक्स या दोन उलट गोष्टी आहेत. पॉलिशमध्ये, रबिंग कंपाउंडमध्ये, घासणारे बारीक कण असतात. ते वरचा थर किंचित सोलून काढतात, ओरखड्याच्या तळापर्यंत पृष्ठभाग खाली आणतात, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे गाडी चमकते ती काहीतरी गमावून. वॅक्स काही काढत नाही, वर एक पातळ थर ठेवतं. पुढचा मार त्या थरानं खायचा आणि झिजून जायचं, एवढंच त्याचं काम.

पॉलिश वाईट असं नाही. चार-पाच वर्षांत एकदा, जाणत्या हातानं, ठीक आहे. पण दर दिवाळीला मशीन फिरवून घेणारे लोक मला माहीत आहेत. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीच्या बॉनेटच्या कडेला एका दुकानात मशीन इतका वेळ फिरवलं की खालचा प्रायमर डोकावला. कडांवर रंग आधीच पातळ बसलेला असतो. तो डाग अजून आहे, आणि तो कुठल्याच डबीनं जाणार नाही.

मग वॅक्स का लावायचं? चमकीसाठी नव्हे, निदान खान्देशात तरी नव्हे. इथं गाडीवर काय काय पडतं ते मोजा. पाखरांची विष्ठा: तिच्यात आम्ल असतं, आणि उन्हानं तापून मऊ झालेला क्लिअर संध्याकाळी थंड होताना तिच्याभोवती आकसतो. मग धुतल्यावर विष्ठा जाते, खळगा राहतो. झाडाखालचा चिकट थर: कपाशीच्या पानावर मावा पडला की जो चिकटा येतो, तशाच किडींचा तो गोड पाझर, वरून टपावर ठिबकणारा. केळीचा चीक तर विचारू नका. बागेत केळी कापायला गेलेल्या माणसाच्या शर्टावरचे तपकिरी डाग कुणाच्या आईला धुवून निघाले आहेत? मामांची गाडी घड भरायच्या जागेपर्यंत जाते, तिच्या दारांवर ते डाग आहेत. वॅक्सवर यातलं काही पडलं तर ते रंगात शिरायच्या आधी पुसायला थोडा वेळ मिळतो. थोडा. चार दिवस नाही.

आणि पाणी. बोअरचं पाणी. बादलीच्या कडेला जी पांढरी खर बसते तीच गाडीवर बसते, गोल गोल डागांच्या रूपात. एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण खूप घरांत चालते: पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी लोक साठवतात आणि गाडी धुतात. हेतू चांगला. पण त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. त्यानं अंगण धुवा. गाडीवर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा, आणि पाणी वाळायच्या आत टिपून घ्या.

(दृश्य: टेबलावर तीन डब्या, एक स्प्रे, एक छोटी काचेची बाटली.)

आता निवड. दुकानात हे सगळं एकाच फळीवर असतं.

कार्नाउबाचं पेस्ट वॅक्स. शुद्ध कार्नाउबा विटेसारखं कडक असतं, म्हणून त्यात तेलं, द्रावकं, कधी मधमाशीचं मेण मिसळतात. कार्नाउबा वितळतं ८२ ते ८६ अंशांला, मधमाशीचं मेण ६२-६४ ला, आणि डबीतलं मिश्रण त्याहून लवकर मऊ पडू शकतं. त्याची चमक ओलसर, खोल, गडद रंगावर फार देखणी. पण टिकतं महिना-दीड महिना, आणि आपल्या वैशाखात त्याहूनही कमी. गाडी सावलीत राहत असेल आणि रविवारी हौसेनं हात चालवायचे असतील, तर हेच घ्या. हौसेला तोड नाही.

दुसरं, सीलंट. हे झाडाचं नाही, कारखान्यातलं पॉलिमर. चमक जरा काचेसारखी, कोरडी. पण उष्णता चांगली सोसतं आणि चार-सहा महिने राहतं. खान्देशात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीला मी डोळे झाकून हेच सुचवीन. पांढऱ्या रंगावर कार्नाउबाची ती खोल चमक फारशी दिसतही नाही, मग तिच्यासाठी दर महिन्याला घाम का गाळायचा?

स्प्रे वॅक्स म्हणजे धुतल्यानंतरचा झटपट हात. जोडीला बरं, एकटं पुरेसं नाही. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे त्या काचेच्या बाटलीतलं, रंगावर घट्ट बसून कडक होणारं द्रव. ते वर्षानुवर्षं टिकतं, पण त्याआधी रंग नीट तयार करावा लागतो आणि चुकलं तर ते उतरवायला पॉलिशच लागतं. घरच्या अंगणातलं ते काम नव्हे. ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलेल्या डबीत घासणारे कण असतात. ते माहीत असू द्या, मग हवं तर घ्या.

दोन ठिकाणी थांबा. नुकतीच डेंटिंग-पेंटिंग झालेली गाडी असेल तर महिना-दोन महिने वॅक्स नको. गॅरेजातल्या रंगातून द्रावक उडायला वेळ लागतो. आणि टपावरच्या क्लिअरचे पापुद्रे सुटायला लागले असतील तर वॅक्सचा उपयोग नाही. तिथं पेंटरच.

(दृश्य: पहाटे साडेपाच. दोन बादल्या. मामा पायजमा वर खोचून.)

आम्ही साडेपाचला सुरुवात केली. शेजारचे काका दूध आणायला निघालेले, थांबले. “काय करू राह्यला रे भो, एवढ्या सकाळी?”

या वेळेमागं माझा एक धडा आहे. पहिल्यांदा वॅक्स लावलं तेव्हा मी एप्रिलमध्ये, सकाळी अकरा वाजता, उन्हात लावलं होतं. अख्ख्या गाडीला, एकदम, लोण्यासारखं जाड. पुसायला गेलो तर ते पत्र्यावर भाजलेलं. दुपारभर घासत बसलो आणि संध्याकाळी गाडी पट्ट्यापट्ट्यांची झाली होती. तेव्हापासून नियम एकच: पत्र्यावर तळहात ठेवायचा. गरम लागला की काम बंद.

आधी साधं पाणी वरून सोडायचं, हात न लावता. धुळीला स्वतःहून वाहून जाऊ द्यायचं. मग एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. कापड शाम्पूत बुडवायचं, थोडा भाग धुवायचा, दुसऱ्या बादलीत खळबळायचं, मगच पुन्हा शाम्पूत. अर्ध्या तासानं त्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी मामांनी हात घातला. चिमूटभर वाळू निघाली. ते काही बोलले नाहीत. भांड्यांचं लिक्विड मात्र नको, ते तेलकट ते सगळं ओढून काढतं, वॅक्सही.

टिपून झालं की एक गंमत करा. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि पत्र्यावरून हलकेच फिरवा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा रव्यासारखा खरखरीत लागतो. धुऊन न जाणारे हे चिकटलेले कण. त्यासाठी क्ले मिळते, मळलेल्या कणकेसारखी. पत्र्यावर शाम्पूचं पाणी मारून ती नुसती सरकवायची, दाबायचं नाही. जमिनीवर पडली तर फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी.

(दृश्य: स्पंजवर बोटाच्या पेराएवढं वॅक्स. फक्त हातांचा आवाज.)

आणि मग वॅक्स. पातळ. इतकं पातळ की लावलं की नाही अशी शंका यावी. पत्र्याला धरून राहणारा थर मायक्रॉनभरही नसतो. बाकीचं सगळं तुम्ही फडक्यावरच पुसून काढणार आहात. २०० ग्रॅमची डबी एका गाडीला दोन वर्षं सहज जाते. लवकर संपत असेल तर हात सैल आहे.

एका वेळी एकच भाग. एक दार, मग दुसरं. थर धुरकट झाला की बोट ओढून बघायचं: बोटाखाली स्वच्छ चमक निघाली तर पुसायला तयार, चिकट फराटा उठला तर अजून थांबा. डबीवर दहा मिनिटं लिहिलेली असतील. आमच्याकडं मार्चमध्ये पहाटेसुद्धा तीन-चार मिनिटांत तयार झालं. डबी लिहिणाऱ्यानं खान्देश पाहिलेला नसतो.

पुसायला मायक्रोफायबरचं मऊ कापड, चार घड्या घालून, दर दोन हातांनी बाजू बदलत. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात. लागलंच तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. पुढच्या काचेला अजिबात नको, रात्री पावसात वायपर फरफटायला लागले की मग आठवण येईल.

सीलंटला आमच्या भागात दोन मुहूर्त पुरतात. एक आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, ऊन अंगावर यायच्या आत. दुसरा दसऱ्याला, पावसाळ्याचा चिखल उतरवून. नाहीतरी त्या दिवशी गाडीला झेंडूची माळ घालायचीच असते. मधे कधी वाटलं तर पाणी मारून बघा. थेंब गोळा होऊन पळत असतील तर थर जागेवर आहे. पाणी चादरीसारखं पसरून बसलं तर संपलं.

(दृश्य: मामा तांब्यानं बॉनेटवर पाणी ओततात. थेंब घरंगळतात.)

“केळीचं पान झालं रे हे,” मामा म्हणाले. पुन्हा एक तांब्या ओतला. मग आणखी एक. त्या आठवड्यात नळाला पाणी चार दिवसांनी येणार होतं, म्हणून मामींनी आतून हाक मारली तेव्हा थांबले.

खांद्यावरचं फडकं त्यांनी काढलं होतं. डबी हातात घेऊन ते गोठ्याकडं बघत होते. तिथं लाल ट्रॅक्टर उभा.

“ट्रॅक्टरले बी चालीन का हे?”

“चालेल की मामा. पण आधी धुवावा लागेल...”

झाकण त्यांनी उघडलं होतं.