मिठाचा रेणू काढून दाखवा म्हणता?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच कमेंट पुन्हा पुन्हा येतेय: "ताई, मिठाचा रेणू काढून दाखवा ना." नाही काढणार. जे नाहीच, ते काढू कसं?

बेसिक पटकन उरकते, ते तुम्हाला पाठच असेल. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या सात. तो एक तिकडे गेला, सोडियम धन आयन (म्हणजे प्रभार असलेला अणू) झाला, क्लोरीन ऋण, त्यालाच क्लोराइड म्हणायचं. विरुद्ध प्रभार, म्हणून आकर्षण. झालं!

घोळ यापुढे होतो. शाळेत मीसुद्धा एक सोडियम, एक क्लोरीन आणि मधे बाण काढून पैकीच्या पैकी मार्क घेतले. आणि कितीतरी वर्षं समजत राहिले की ज्याला इलेक्ट्रॉन दिला, त्याच्याशीच गाठ बांधली गेली. अहो, आपला इलेक्ट्रॉन कुणाकडे गेला हे आयनाला काय ठाऊक? तो सगळ्या बाजूंनी सारखाच ओढतो. मिठाच्या स्फटिकात एका सोडियमला सहा क्लोराइड चिकटलेले असतात: वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक क्लोराइडभोवतीही तसेच सहा सोडियम. यातली 'जोडी' दाखवा बरं मला! NaCl हे सूत्र सांगतं ते फक्त प्रमाण, एकास एक. (हो, मिठाच्या वाफेत सुट्या जोड्या सापडतात. ती कमेंट येणारच, म्हणून आधीच सांगितलं.)

नाही पटत? द्रवणांक बघा, म्हणजे मीठ वितळतं ते तापमान: 801 अंश सेल्सिअस. सुट्या जोड्या असत्या, तर त्या एकमेकींपासून सोडवायला एवढी आच लागली नसती. इथे प्रत्येक आयन सहाही बाजूंनी जखडलेला. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये प्रभार दुप्पट, तिथे आकडा 2800 च्याही वर जातो.

आणि "सोडियम खुशीने इलेक्ट्रॉन देतो" हे तर कृपा करून लिहू नका. खुशीने कसला! एक मोल (अणू मोजायचं ठरलेलं माप) सोडियम अणूंचे इलेक्ट्रॉन काढायला सुमारे 496 किलोज्यूल मोजावे लागतात, क्लोरीनकडून परत मिळतात 349 च्या आसपास. नुसती देवाणघेवाण तोट्याचीच. सुटे आयन स्फटिकात रचले गेले की सुमारे 787 बाहेर पडतात, तेव्हा कुठे हिशेब जमतो.

रेणू नाही म्हटल्यावर वैतागलेले तुम्ही पहिले नाही. ब्रॅग या भौतिकशास्त्रज्ञ पितापुत्रांनी 1913 च्या सुमारास क्ष-किरणांनी ही रचना उलगडली. तरी 1927 मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या बुजुर्ग रसायनशास्त्रज्ञाने 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या, एकाआड एक आयनांच्या रचनेवर जाम आगपाखड केली.

आता विजेचं. मी कोरड्या मिठात दोन तारा खुपसल्या, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली: एलईडी ढिम्म. प्रभार आहेत, पण जागचे हलत नाहीत. थोडं पाणी ओतलं, एलईडी लागला आणि तारांपाशी बुडबुडे सुटले. द्रावणातून आयन स्वतः चालत जातात, तारेसारखे मोकळे इलेक्ट्रॉन वाहत नाहीत. वितळलेल्या मिठातही तेच.

राहिला ठिसूळपणा. खडा चमच्याने दाबा. एक थर जरासा सरकला की धनासमोर धन, ऋणासमोर ऋण येतात आणि एकमेकांना ढकलून देतात. तो फुटलेला तुकडा भिंगाखाली धरा: कडा सरळ, कोपरे काटकोनात.